पाचशे माणसं, एक रक्ताचा नमुना आणि मधुमेहाचा प्रश्न

प्रश्न असा आहे: पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत ५०० प्रौढांना त्यांचा आहार एकदा विचारायचा, त्याच दिवशी रक्त घेऊन ब-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, ती कमी पडली की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल, आणि साखर तपासायची आणि पाच वर्षांनी साखर पुन्हा तपासायची. ब-१२ कमी असेल तर मधुमेहाचा धोका वाढतो का, याचं उत्तर यातून मिळेल का? आणि करायचंच ठरवलं तर काय सांभाळावं?

ब-१२ कमी असलेल्यांना मधुमेह किती पट जास्त होतो, हा आकडा या आराखड्यातून निघणार नाही. ब-१२ आणि पुढे चढत जाणारी साखर यांचा काही संबंध दिसतो का, एवढं निघू शकेल. पण त्यासाठीसुद्धा आहार विचारण्याची आणि रक्त हाताळण्याची पद्धत बदलावी लागेल. अशा अभ्यासांचं नुकसान बहुतेक वेळा संख्याशास्त्रात होत नाही. ते घरोघरी आहार विचारताना आणि रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या तासात होतं, आणि तिथे बिघडलेलं पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मोजणीवरच आहे.

आधी माणसांचा हिशेब करू. वर्षाला शंभरात दोघांना नव्याने मधुमेह होतो असं धरा. ५०० जणांतून सुरुवातीलाच मधुमेह असलेले वगळून समजा ४५० उरले. पाच वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ४३ जणांना मधुमेह होईल. शेकडा २० माणसं पुन्हा तपासणीला आली नाहीत, तर हाती ३५ रुग्ण येतात. ब-१२ च्या पातळीनुसार तीन गट पाडले की प्रत्येक गटात सरासरी बारा. दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली तरी धोका दुप्पट दिसेल किंवा नाहीसा होईल. युरोपातल्या एपिक या अभ्यासाची मधुमेहावरची शाखा, इंटरअ‍ॅक्ट, आठ देशांत १२,४०३ नवे रुग्ण जमवून उभी राहिली. ती ताकद ५०० माणसांत येणार नाही. त्याऐवजी उपाशीपोटीची साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर, इन्सुलिन अशी सलग मोजता येणारी मापं परिणाम म्हणून धरा. ५०० माणसांत ०.१२५ एवढा सहसंबंध (दोन मापं किती एकत्र हलतात ते; ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ८० टक्के खात्रीने पकडता येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या विषयात पुण्यातच काय सापडलं आहे ते समोर असायला हवं, नाहीतर तेच पुन्हा कमी दर्जाने केलं जाईल. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. गरोदर बायकांचा आहार आणि रक्त १८ व्या आणि २८ व्या आठवड्यात तपासलं, बाळं जन्मताच मोजली आणि त्याच मुलांना पुढे ६, १२ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासलं. सुमारे दोन तृतीयांश आयांचं ब-१२ लिटरला १५० पिकोमोलच्या खाली होतं. फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. सहा वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त इन्सुलिन-प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) त्यांच्यात आढळला, ज्यांच्या आयांचं ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली साखरेच्या चाचणीत सामान्य पातळीच्या वर होत्या, जवळजवळ सगळी मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाइतकी नाही. आणि एकूण मुलांपैकी ४८ टक्के तर कमी वजनाची होती. लठ्ठपणावर बेतलेलं परदेशी गणित इथे का लागू पडत नाही, ते या एका आकड्यात दिसतं. तुमचा प्रश्न प्रौढांबद्दल आहे, पण त्यांच्या साखरेतला काही भाग आईच्या पोटात असतानाच ठरलेला असू शकतो. निदान जन्मठिकाण, भावंडांतला क्रम, बसल्यावरची आणि उभं असतानाची उंची आणि डोक्याचा घेर तरी नोंदवा.

आता आहार. चोवीस तासांत काय खाल्लं ते एकदाच विचारलं तर त्या माणसाचा तो एक दिवस कळतो, त्याचा आहार कळत नाही. ऊर्जा आणि पिष्टमय पदार्थ रोज साधारण सारखे असतात, त्यामुळे तीन-चार दिवसांच्या नोंदीत चित्र बरं येतं. ब-१२ चं तसं नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणातून येतं आणि मटण रविवारी असतं. सोमवारी विचारलं तर भरपूर, गुरुवारी विचारलं तर शून्य. श्रावणात गेलात तर महिनाभर शून्य. म्हणून दोन पद्धती एकत्र चालवा: वर्षभरात वेगवेगळ्या ऋतूंत, आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी घेतलेल्या किमान चार चोवीस तासांच्या नोंदी, त्यांतली एक सुट्टीच्या दिवसाची, आणि त्यांच्यासोबत फक्त ब-१२ देणाऱ्या पदार्थांची वारंवारता विचारणारी छोटी प्रश्नावली. शंभर पदार्थांची लांबलचक यादी ग्रामीण भागात विचारू नका. चाळिसाव्या पदार्थानंतर माणूस कंटाळतो आणि ‘कधीकधी’ हेच उत्तर देत राहतो.

‘तुम्ही शाकाहारी का?’ हा प्रश्न तर विचारूच नका. या एका शब्दाखाली रोज पाव लिटर दूध पिणारी बाई असते, दुधाचा थेंबही चहापुरताच घेणारा मजूर असतो आणि बाहेर अंडं खाणारा पण घरी न सांगणारा मुलगाही असतो. ‘मांसाहारी’ म्हणवणारे अनेकजण महिन्यातून दोनदाच मटण खातात, त्यातही रस्सा जास्त आणि फोडी चार. पदार्थ, महिन्यातून किती वेळा आणि एका वेळी किती, असंच विचारा. वारंवारतेला ब-१२ च्या बाबतीत शारीरिक कारणही आहे: जठरातून येणाऱ्या विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने एका जेवणात साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच ब-१२ नीट शोषलं जातं. त्याच्या वरचं बहुतेक वाया जातं. त्यामुळे रोज दोन वेळा दही खाणाऱ्याची आणि आठवड्याचं सगळं ब-१२ एका रविवारी खाणाऱ्याची आठवड्याची बेरीज सारखी असली, तरी रक्तातली पातळी सारखी राहत नाही. नुसती बेरीज केलीत तर आहार आणि रक्ताचं नातं कमकुवत दिसेल, आणि दोष आहाराच्या प्रश्नावलीवर येईल.

प्रमाण मोजताना ‘एक वाटी’ हे माप म्हणून स्वीकारू नका. घरातली ज्याची त्याची वाटी आणि पेला घेऊन तो पाण्याने भरायचा आणि मोजपात्रात ओतून मिलिलिटर लिहायचे. भाकरी त्या घरातल्या काट्यावर न मोजता आपल्या एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजायची. तेल प्रत्येकाला विचारण्यात अर्थ नाही. घरात महिन्याला किती लिटर येतं आणि किती माणसं जेवतात ते विचारा. आमटी, कालवण, रस्सा यांत सर्वांत मोठी चूक होते, कारण पातळपणा घराघरांत वेगळा. उदाहरण घ्या: आठ माणसांसाठी २०० ग्रॅम तूरडाळ शिजवून दोन लिटर आमटी झाली आणि बाईने १५० मिलिलिटरच्या दोन वाट्या घेतल्या. तिच्या पोटात ३० ग्रॅम डाळ गेली, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं. तक्त्यात ‘आमटी, एक वाटी’ म्हणजे ३० ग्रॅम डाळ असं धरलेलं असेल, तर तिच्या नावावर दुप्पट प्रथिनं चढतात. आणि ही चूक सगळीकडे सारखी नसते. गरिबाघरी आमटी पातळ असते, म्हणजे चूक गरिबीच्या दिशेने वाढत जाते आणि गरिबीचा संबंध आजाराशी आहेच. पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते वापरा, पण पाककृतीची गणना घरच्या कच्च्या मालावरून करा. दुधात पाणी किती घातलं, चहात दूध-पाण्याचं प्रमाण काय आणि दूध दिवसातून किती वेळा उकळलं तेही लिहा. वारंवार उकळण्यात काही ब-१२ नष्ट होतं. एक पेला म्हशीच्या दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आतबाहेरच ब-१२ मिळतं, आणि २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढाला रोज २.२ मायक्रोग्रॅम हवं. या हिशेबात अर्धा पेला इकडे तिकडे झाला तरी माणूस एका गटातून दुसऱ्यात जातो.

बाईच्या आहाराची माहिती सासूच्या किंवा नवऱ्याच्या समोर घेऊ नका. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणारी बाई समोर कुणी असेल तर ‘सगळ्यांनी खाल्लं तेच’ एवढंच सांगते. उपवासाचे दिवस वेगळे लिहा. साबुदाणा, भगर आणि दाण्यांचा दिवस हा रोजच्या दिवसाचा नमुना नव्हे, पण आठवड्यातून दोन उपवास असतील तर तो तिच्या आहाराचा मोठा भाग असतो.

आहाराची आठवण किती फसवी असते याचं चांगलं मोजमाप अमेरिकेतल्या ओपन अभ्यासात २००३ साली आलं. जड समस्थानिकांचं (शरीरात माग काढता येणाऱ्या जड अणूंचं) पाणी पाजून शरीराने खरोखर किती ऊर्जा वापरली ते मोजलं, आणि लोकांनी सांगितलेल्या आहाराशी ताडून पाहिलं. चोवीस तासांच्या नोंदीत पुरुषांनी १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. वारंवारता प्रश्नावलीत ही तूट ३१ ते ३८ टक्क्यांपर्यंत गेली. तुम्हाला हे महागडं पाणी परवडणार नाही, पण ५० जणांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातला नायट्रोजन मोजणं परवडेल. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण ८१ टक्के लघवीतून जातो. म्हणून लघवीतला नायट्रोजन ०.८१ ने भागून ६.२५ ने गुणला की खरी प्रथिनं मिळतात. त्यावरून तुमची प्रश्नावली किती चुकते ते कळेल. लघवी पूर्ण गोळा झाली की नाही हे मात्र तपासायलाच हवं. शौचाला बाहेर गेलेल्या वेळची लघवी सर्रास राहून जाते. मिठाचा अभ्यास असता तर हीच पद्धत मुख्य ठरली असती. १९८८ च्या इंटरसॉल्टमध्ये ३२ देशांतल्या ५२ केंद्रांत दहा हजारांवर लोकांचं मीठ लघवीतूनच मोजलं होतं, कारण लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ कुणाला सांगता येत नाही.

मोजणीतल्या चुकीची किंमत आकड्यांत अशी असते. समजा एकदा घेतलेल्या आहाराच्या मापाची विश्वासार्हता ०.४ आहे, म्हणजे मापात दिसणाऱ्या फरकांपैकी ४० टक्केच माणसामाणसांतले खरे. खरा धोका दुप्पट असेल तर अभ्यासात तो २ चा ०.४ वा घात, म्हणजे १.३२ पटच दिसेल. सहसंबंध ०.६३ पट होईल. वर सांगितलेला ०.१२५ आठवा. ५०० माणसांत तेवढा दिसायला खरा सहसंबंध ०.२ असायला हवा, आणि आहाराच्या एकाच घटकाचा साखरेशी इतका मोठा संबंध क्वचितच असतो. म्हणून माणसं वाढवण्याआधी प्रत्येक माणसाची मापं वाढवा. १०० जणांचा आहार आणि रक्त वर्षभरात पुन्हा घेतलं, तर ही विश्वासार्हता तुमच्या गावांत प्रत्यक्ष किती आहे ते मोजता येतं, आणि निष्कर्षात सुधारणा करता येते.

बायोमार्कर, म्हणजे रक्तातलं किंवा लघवीतलं माप, आला की हे प्रश्न संपतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रक्तातली पातळी म्हणजे खाणं, शोषण, साठा, सूज, मूत्रपिंडं आणि औषधं यांची बेरीज असते. सीरममधलं (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या पातळ भागातलं) फोलेट कालपरवाच्या पालेभाजीवर हलतं, तांबड्या पेशींतलं फोलेट मागच्या तीन-चार महिन्यांचं सांगतं कारण पेशी साधारण १२० दिवस जगते. तुमच्या प्रश्नाला दुसरं हवं. ब-१२ चा साठा यकृतात मिलिग्रॅममध्ये असतो आणि हळूहळू घटतो, म्हणून त्याचं एक माप आहाराच्या एका मापापेक्षा बरंच स्थिर. पण रक्तातलं ब-१२ पेशींना पोचतंय का हे नुसत्या त्याच्या पातळीवरून नेमकं कळत नाही. त्यासाठी मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन ही, पेशींत ब-१२ कमी पडलं की चढणारी, कार्य दाखवणारी मापं घ्यावी लागतात. पुण्याच्या त्याच अभ्यासात ब-१२ दोन तृतीयांश आयांचं कमी होतं, पण मिथाइलमॅलोनिक आम्ल जवळजवळ नव्वद टक्क्यांचं चढलेलं होतं. ही दोन्ही मापं मूत्रपिंडं कमी काम करत असतील तरी चढतात, म्हणून मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लावू नका. होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेनेही चढतं, मिथाइलमॅलोनिक आम्ल चढत नाही. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन घेणार असाल तर सोबत सूज दाखवणारं सीआरपी घ्या, कारण सूज असेल तर फेरिटिन चढतं आणि लोहाची कमतरता लपते. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) वर मधुमेह ठरवू नका. लोहाच्या कमतरतेने ते खोटं वर जाऊ शकतं आणि तुमच्या गावांतल्या निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी असेल.

रक्ताची हाताळणी इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण होमोसिस्टीनचे अभ्यास बहुधा याच जागी फसतात. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात आणि खोलीच्या तापमानात ते तासाला साधारण १० टक्क्यांनी वाढतं. गावातून शहरात नमुने यायला तीन तास लागले तर १२ चं १६ होतं. आणि हे सगळ्यांत सारखं होत नाही: लांबच्या गावातल्यांचं जास्त, जवळच्यांचं कमी. मग लांबच्या गावात होमोसिस्टीन जास्त असल्याचा शोध लागतो. नळी काढल्याक्षणी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर नाही. तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा (पेशींवाचूनचा पातळ भाग) वेगळा करायचा. याचा अर्थ सेंट्रिफ्यूज गावात न्यायचा आणि वीज जाते म्हणून जनित्रासह न्यायचा. साखरेची नळी (पेशींनी साखर वापरणं थांबवणाऱ्या) फ्लोराइडची असली तरी फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात आणि तोवर तासाला पाच ते सात टक्के साखर घटू शकते. ती नळीही बर्फात हवी. फोलेटसाठी नमुना उजेडात ठेवू नका आणि पेशी फुटलेला, लालसर दिसणारा सीरम सोडून द्या, कारण तांबड्या पेशींतलं फोलेट सीरमच्या अनेक पटींनी जास्त असतं. तांबड्या पेशींतल्या फोलेटसाठी पूर्ण रक्त लगेच १ टक्का अ‍ॅस्कॉर्बिक आम्लात मिसळून गोठवावं लागतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, त्याच दिवशी मोजावं लागतं. ते नंतर करता येत नाही.

प्रत्येक नमुना अर्ध्या मिलिलिटरच्या सहा-आठ छोट्या कुप्यांत वाटा, म्हणजे एक चाचणी करताना बाकीचे वितळणार नाहीत. उणे २० चा साधा फ्रीझर काही आठवड्यांपुरता ठीक, वर्षांसाठी उणे ८० हवा. पेशींच्या आवरणातली मेदाम्लं तर उणे २० ला महिन्यांतच खराब होऊ लागतात. कुप्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये विभागा, एक बंद पडला तरी अभ्यास जिवंत राहतो. तापमानाची नोंद रोज, रविवारीसुद्धा. प्रत्येक कुपीवर अल्कोहोलने न पुसला जाणारा बारकोड आणि वितळल्याची वेळ लिहायला जागा. प्रयोगशाळेला न सांगता शंभरात पाच नमुने दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवा. सुरुवातीचे आणि पाच वर्षांनंतरचे नमुने वेगवेगळ्या किटवर तपासले तर झालेला बदल माणसांतला की किटमधला, हे सांगता येणार नाही. शक्य तितके जुने-नवे एकाच खेपेत तपासा. एकक लिहिताना सावध राहा: १५० पिकोमोल म्हणजे मिलिलिटरला सुमारे २०३ पिकोग्रॅम. खाजगी प्रयोगशाळांचे अहवाल दुसऱ्या एककात येतात आणि दोन्ही एका रकान्यात मिसळलेली मी अनेक विदा-पत्रकं पाहिली आहेत.

आता उलटा कार्यकारणभाव, जो तुमच्याच विषयात सर्वांत धोकादायक आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतल्याने ब-१२ कमी होतं. मधुमेही माणसं अभ्यासात आहेत तशी घेतलीत तर त्यांचं ब-१२ कमी दिसेल आणि कमी ब-१२ मुळे मधुमेह झाला असं वाटेल, तर प्रत्यक्षात मधुमेहाच्या गोळीने ब-१२ उतरलेलं असेल. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांचंही तसंच. शिवाय साखर आहे कळल्यावर माणूस गोड सोडतो, भात कमी करतो, दूध वाढवतो. मग साखर खाणाऱ्यांत मधुमेह कमी असं हास्यास्पद चित्र कागदावर येतं. उपाय तीन: मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था सुरुवातीलाच तपासणीने काढून टाकणं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, औषधांच्या पट्ट्या प्रत्यक्ष पाहून लिहिणं, आणि विश्लेषणात पहिल्या दोन वर्षांतले रुग्ण वगळून आकडा टिकतो का ते पाहणं.

दुसरी गुंतागुंत वर्गाची. पुण्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, ६७ टक्क्यांचं ब-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्क्यांचं. म्हणजे आपल्याकडे कमी ब-१२ गरिबीसोबत सरळ चालत नाही. शहरात, शाकाहारी आणि सुशिक्षित घरांत ते जास्त, आणि तिथेच बसून काम आणि तेलही जास्त. मग मधुमेह ब-१२ मुळे की बैठ्या कामामुळे, हे आकडे एकटे सांगत नाहीत. उत्पन्नाचा एक रकाना भरून हे सुटणार नाही. जमीन, पाणी, घरातल्या वस्तू, शिक्षण, काम किती तास उभ्याने, कामाला पायी की मोटरसायकलवर, असं सगळं हवं. पण विश्लेषणात सगळं ओतूही नका. ब-१२ चा परिणाम होमोसिस्टीनच्या वाटेने होत असेल आणि तुम्ही होमोसिस्टीन ‘समायोजित’ केलंत (गणितात त्याचा फरक वजा केलात), तर तुम्ही तोच परिणाम पुसून टाकला. कोणता घटक कुठल्या वाटेवर आहे याचं चित्र आकडे हातात येण्याआधी कागदावर काढून ठेवा आणि त्यावर तारीख घाला. चाळीस पदार्थ आणि दहा बायोमार्कर एकमेकांशी ताडून पाहिले तर चारशे चाचण्या होतात, त्यांतल्या वीस निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाच्या’ निघतील. मुख्य प्रश्न एक किंवा दोनच ठेवा.

संबंध पक्का दिसला तरी कारण सिद्ध होत नाही, आणि या क्षेत्राला ते महागात शिकावं लागलं. रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक पाहण्या सांगत होत्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग करून बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या तेव्हा, १९९४ साली, कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. होमोसिस्टीनचंही तसंच झालं: होप-२ या प्रयोगात ५,५२२ रुग्णांना पाच वर्षं फोलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयमृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पक्षाघात एकटा पाहिला तर कमी झाला. निर्देशक हलला म्हणजे आजार हलला असं नाही.

म्हणूनच पुण्याच्या कामातली पुढची पायरी महत्त्वाची. होमोसिस्टीन वाढवणाऱ्या जनुकीय फरकाचा आधार घेऊन, पुणे आणि मैसूर इथल्या आयांत, होमोसिस्टीनचा बाळाच्या वजनावर परिणाम कारणात्मक असल्याचा पुरावा २०१४ साली मांडला गेला. जनुक जन्मतः ठरतं, आहार किंवा वर्ग बदलल्याने ते बदलत नाही, त्यामुळे वर सांगितलेली वर्गाची गुंतागुंत तिथे बरीच सुटते. नंतर त्याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देणारा प्रिया नावाचा प्रयोग सुरू झाला. आहारानेच बदल घडवून पाहण्याचा मोठा प्रयत्न मुंबईतला सरस प्रकल्प. झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार बायकांना गरोदर होण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा नाश्ता दिला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळाच्या सरासरी वजनात एकूण लक्षणीय फरक आला नाही, पण गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी सुरुवात केलेल्यांत ४८ ग्रॅमची वाढ दिसली, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला. तेव्हा कधी मोजलं, कधी दिलं, हा प्रश्न काय दिलं याइतकाच मोठा.

गळतीबद्दल थोडं. गावात मुली लग्नाने जातात, तरुण चाकण-मुंबईला जातात, सिमकार्ड दर वर्षाला बदलतं. सुरुवातीलाच तीन वेगळ्या घरांतले संपर्क घ्या, त्यातला एक माहेरचा किंवा मामाचा. वर्षातून एकदा भेट द्या, मग तपासणी नसली तरी. जे गळतात ते सरासरी माणसं नसतात. आजारी पडून मुलाकडे शहरात गेलेला माणूस तुम्हाला ‘निरोगी, संपर्क नाही’ असा दिसतो.

तुमच्यासाठी बदललेला आराखडा असा सुचवतो: मधुमेह नसलेले ३० ते ५० वयाचे ५००, चार आहारनोंदी आणि छोटी वारंवारता प्रश्नावली, ५० जणांची चोवीस तासांची लघवी, १०० जणांचं आहार आणि रक्त वर्षात पुन्हा, ब-१२ सोबत मिथाइलमॅलोनिक आम्ल, होमोसिस्टीन, पेशींतलं फोलेट, क्रिएटिनिन आणि सीआरपी, आणि तिसऱ्या व पाचव्या वर्षी ग्लुकोज पाजून चाचणी. पैसे अपुरे असतील तर मिथाइलमॅलोनिक आम्ल फक्त शंभर-दीडशे जणांत करा, आहारनोंदी मात्र कमी करू नका.

आणि नैतिक परवानगीच्या अर्जात हे आधीच लिहा: ब-१२ ठराविक पातळीच्या खाली असलेल्याला तुम्ही कळवणार आणि उपचार देणार. ते द्यावंच लागेल. कमतरता माहीत असून पाच वर्षं नुसतं पाहत राहणं मान्य होणार नाही. त्याने अभ्यास बिघडत नाही, पण विश्लेषण बदलतं. सुरुवातीची पातळी हाच तुमचा मुख्य निर्देशक राहतो, उपचार घेतलेल्यांची तारीख, गोळी की इंजेक्शन आणि मात्रा नोंदवली जाते, आणि उपचारानंतरचा काळ वेगळा मोजला जातो. ‘डॉक्टरांनी दिलेलं ताकदीचं इंजेक्शन’ गावात बहुतेकदा ब-१२ चंच असतं, म्हणून प्रत्येक भेटीत गेल्या वर्षभरात घेतलेल्या इंजेक्शनांबद्दल वेगळं विचारा आणि शक्य असेल तिथे रिकामी कुपी किंवा चिठ्ठी पाहा.